वाचकांचे प्रश्न: जड गाडीची ब्रेक डिस्क केव्हा बदलावी?

प्रश्न: माझ्याकडे सात आसनांची मोठी एसयूव्ही असून ती आतापर्यंत ६२,००० किलोमीटर चालली आहे. पुढचे ब्रेक पॅड संपत आले म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली, तेव्हा पॅडबरोबर चारही डिस्क बदलाव्या लागतील असे सांगण्यात आले. ब्रेक नीट लागतात, आवाजही येत नाही. माझ्या आधीच्या छोट्या गाडीची डिस्क आठ वर्षांत एकदाही बदलावी लागली नव्हती. मेकॅनिकचे म्हणणे मानावे का? आणि डिस्क साधारण किती किलोमीटरनंतर बदलायची असते?

उत्तर: डिस्कचे आयुष्य किलोमीटरमध्ये सांगता येत नाही, ते मिलिमीटरमध्येच मोजावे लागते. सपाट मोकळ्या रस्त्यावर धावणारी गाडी आणि रोज घाट उतरणारी तीच गाडी यांच्या डिस्क एकाच वेगाने झिजणार नाहीत. म्हणून मेकॅनिकला आपण आधी हे विचारावे, की प्रत्येक डिस्कची जाडी किती भरली आणि तिची किमान जाडी किती आहे. किमान जाडीचा हा आकडा बहुतेक डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेवर कोरलेला असतो. गंजामुळे तो वाचता येत नसेल, तर गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतून मिळतो. उदाहरण म्हणून सांगायचे, तर नवी डिस्क ३० मिलिमीटर जाड असेल आणि किमान जाडी २८ असेल, तर झिजण्यासाठी एकूण २ मिलिमीटरच असतात, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी १. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असल्यामुळे दुसऱ्या गाडीचा अंदाज आपल्या गाडीला लावू नये.

मोजमाप आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे, कारण चूक नेमकी इथेच होते. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे कडेला न झिजलेल्या, गंजलेल्या लोखंडाची एक वर आलेली किनार राहते. त्या किनारीवर बोट फिरवले, तर पायरी उतरल्यासारखी खोलगट झीज लागते. साध्या व्हर्नियर कॅलिपरचे जबडे या किनारीवर टेकतात आणि झिजलेली डिस्कही जाड असल्याचे दाखवतात. त्यासाठी मायक्रोमीटर वापरावा, तो कडेपासून १० ते १५ मिलिमीटर आत धरावा आणि डिस्क फिरवत निदान आठ ठिकाणी माप घ्यावे. त्यांतले सर्वांत कमी माप तेच त्या डिस्कचे माप. ते किमान जाडीच्या खाली असेल, तर चर्चेला जागा उरत नाही. ते २८.३ भरले आणि किमान जाडी २८ असेल, तरीही नवे पॅड बसवताना डिस्क बदलणेच मला योग्य वाटते, कारण ते पॅड अर्धे झिजण्यापूर्वीच डिस्क मर्यादेखाली जाण्याची शक्यता असते.

छोट्या गाडीशी केलेली तुलना इथे फसवी ठरते. ब्रेक लावणे म्हणजे गाडीच्या गतीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे, आणि ही ऊर्जा वजनाच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणसे आणि सामान धरून २,८०० किलो वजनाची एसयूव्ही ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे १०.८ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे तीन लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. १,१०० किलोच्या छोट्या गाडीत हाच आकडा सव्वाचार लाखांच्या आसपास राहतो. ही सारी उष्णता काही सेकंदांत प्रामुख्याने डिस्कच्या बिडात साठते आणि मग दोन पृष्ठांमधल्या पोकळ खाचांतून वाहणाऱ्या हवेवाटे हळूहळू बाहेर पडते. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवणारे लोखंड कमी होते आणि तेवढ्याच ब्रेकिंगला ती अधिक तापते. तापलेल्या पॅडची पकड सुटू लागते. ब्रेक ऑइलपर्यंत उष्णता पोहोचून ते उकळले, तर नळ्यांत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल थेट तळाला जाते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण तेच ऑइल हवेतील ओलावा शोषून जुने झाले, की त्यासाठी किमान मर्यादा १५५ अंशांचीच आहे. पातळ डिस्क आणि जुने ऑइल हा जोड जड गाडीत लांब उतारावर घातक ठरतो. आपले ब्रेक आज शहरातल्या वेगाला नीट लागतात, ही गोष्ट खरी असली तरी तिने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

जाडी पुरेशी असूनही डिस्क बदलावी लागते, अशी काही कारणे आहेत. नखाला बारीक रेषा जाणवणे स्वाभाविक आहे, पण नख अडकून बसेल इतके खोल चर पडले असतील, तर नवे पॅड त्यांवर पूर्ण टेकत नाहीत. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक उष्णतेच्या रेघा दिसल्या तर लक्ष ठेवावे. मात्र एखादी चीर डिस्कच्या कडेपर्यंत गेलेली असेल, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये.

चाकाच्या आऱ्यांमधून आपल्याला दिसते ती डिस्कची केवळ बाहेरची बाजू, हे विशेष करून सांगावेसे वाटते. मी एकदा एका जड गाडीचे चाक उतरवले, तेव्हा बाहेरची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती आणि मालकांनाही काही खटकले नव्हते. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढल्यावर आतल्या बाजूचा पॅड पूर्ण संपलेला दिसला. त्याची लोखंडी पाटी डिस्कवर घासून नांगरटीसारखे चर पडले होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या, त्यामुळे सारा दाब एकट्या आतल्या पॅडवर येत होता. अशा वेळी नुसती डिस्क बदलून भागत नाही. पिना साफ करून योग्य ग्रीस लावले नाही, तर नव्या डिस्कचीही तीच गत होते.

‘चारही डिस्क’ या सल्ल्याबद्दल मात्र आपण अवश्य हटकावे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे अधिक काम पुढच्या डिस्कना करावे लागते आणि मागच्या डिस्क अनेकदा चांगल्या स्थितीत असतात. पुढच्या आणि मागच्या जोडीचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा. एका जोडीतील एकच डिस्क बदलणे मात्र टाळावे, कारण दोन बाजूंची जाडी आणि पकड वेगळी राहिली, तर जोरात ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

प्रश्न: ताशी ९०च्या पुढे ब्रेक लावला, की स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकडी झाली आहे असे सांगून ती लेथवर फेस करून, म्हणजे पृष्ठभाग कातून सपाट करून दिली. चार महिन्यांत थरथर परत आली. आता काय करावे?

उत्तर: डिस्क खरोखर वाकडी होते, असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा तिच्या जाडीत ठिकठिकाणी फरक पडलेला असतो, आणि ०.०२ मिलिमीटरसारखा डोळ्यांना न दिसणारा फरकही हाताला थरथर जाणवून देण्यास पुरतो. स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये असतो. बसण्याच्या जागेतून हादरे येत असतील तर मागे पाहावे. ब्रेक न लावताही थरथर होत असेल, तर आधी टायरचे बॅलन्सिंग तपासावे. निसरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडते, ते एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे काम आहे, तो दोष नव्हे.

जाडीत फरक पडण्याची दोन कारणे मला सर्वाधिक आढळतात. डिस्क ज्या हबवर बसते, त्याच्या तोंडावर गंजाचा एखादा पापुद्रा राहिला किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळले गेले, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि फिरताना प्रत्येक फेरीत पॅडला एकाच ठिकाणी घासते. हजारो किलोमीटर असे घासून ती जागा पातळ होते. दुसरे कारण उताराच्या पायथ्याशी घडते. डिस्क कडक तापलेली असताना गाडी पूर्ण थांबवून पाय पेडलवर दाबून धरला, तर पॅडचे द्रव्य त्या एकाच जागी डिस्कवर चिकटते. ती जागा पुढे पुन्हा पुन्हा अधिक तापत राहते आणि अखेर तिथल्या बिडाची अंतर्गत रचना बदलून ते कठीण व ठिसूळ होते. निळसर काळपट डाग ही त्याची खूण असते.

लेथवरचे काम टिकत नाही ते यामुळेच. कठीण झालेला भाग पृष्ठभागाखालीही गेलेला असतो. डिस्क फेस केल्यावर ती सपाट दिसते. पण मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग पुन्हा वर येतो आणि थरथर परतते. शिवाय जड गाडीला उष्णतेसाठी जे लोखंड हवे असते, नेमके तेच आपण लेथवर उतरवून देतो. त्यामुळे निळे डाग असतील किंवा फेस केल्यावर जाडी किमान मर्यादेच्या अगदी जवळ येणार असेल, तर तो खर्च करू नये, डिस्कची जोडी बदलावी. नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करून घ्यावे, डिस्क बसल्यावर डायल गेज लावून ती फिरताना किती डोलते ते पाहावे आणि नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. हे केले नाही, तर काही महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन आपल्याला पुन्हा यावे लागेल.

प्रश्न: पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली, की डिस्क नारिंगी होतात. त्या खराब झाल्या का?

उत्तर: नाही. उघड्या बिडावर गंजाचा पातळ थर लगेच चढतो आणि पहिल्या काही ब्रेकिंगमध्ये पुसला जातो. पॅड घासतात त्या पट्ट्यात ब्रेक लावल्यानंतरही खड्डे किंवा गंजाचे पट्टे राहिले, तर डिस्क बदलावी. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, तर मागच्या डिस्क आणि त्यांच्या मधल्या खाचा मुद्दाम तपासून घ्याव्यात. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या एसयूव्हींमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते, त्यामुळे डिस्क झिजण्याआधी गंजून निकामी होते, असेही होऊ शकते.

प्रश्न: ट्रेलर ओढण्यासाठी भोके पाडलेल्या डिस्क घ्याव्यात का?

उत्तर: माझा सल्ला तसा नाही. भोकांमुळे डिस्कचे वजन कमी होते आणि वारंवार तापण्या-निवण्याने चिरा भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात. चांगल्या प्रतीची, मूळ मापाची, मध्ये पोकळ खाचा असलेली साधी डिस्क, जड भारासाठी बनवलेले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल हे अधिक भरवशाचे. लांब उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग रोखावा.

प्रश्न: नव्या डिस्क बसवल्यावर काय पथ्य पाळावे?

उत्तर: नव्या डिस्कवर गंज टाळण्यासाठी बऱ्याचदा तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसला गेला आहे याची खात्री करावी. डिस्क नव्या असतील तर पॅडही नवेच घालावेत, कारण जुन्या डिस्कच्या चरांप्रमाणे झिजलेला पॅड नव्या पृष्ठभागावर सर्वत्र टेकत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०वरून २०पर्यंत बेताच्या दाबाने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करावा; प्रत्येक वेळी मध्ये अर्धा ते एक मिनिट गाडी चालू देऊन डिस्क निवू द्यावी. पॅडच्या निर्मात्याची सूचना वेगळी असेल, तर तीच पाळावी. यामुळे पॅडच्या द्रव्याचा एकसारखा थर डिस्कवर बसतो. पहिले काही दिवस, जिवावर बेतल्याखेरीज, कचकन ब्रेक दाबू नये. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत, आणि बसवलेल्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून तारीख व किलोमीटरसह बिलावरच लिहून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी किती झीज झाली हे कोणालाही विचारावे लागणार नाही.