चामड्याच्या कव्हरची वही हाताने बांधायची आहे. चामडं कोणतं घ्यावं?

वनस्पतीजन्य रसायनांनी, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं चामडं घ्या. त्याबद्दल खाली लिहिलंय, पण आधी थोडं कागदाबद्दल बोलू द्या. वही टिकते ती जुजबंदीवर, म्हणजे दुमडलेल्या तावांचे गठ्ठे (जुज) शिवून एकत्र बांधण्यावर; चामडं तिला फक्त जपतं.

माझ्या पहिल्या वहीचं चामडं देखणं होतं. पण वही उघडली की आपणहून मिटायला बघायची, आणि हवा दमट झाली की पानांना शिलाईपाशी लाटा यायच्या. चामड्यात काहीच खोट नव्हती. मी कागद चुकीच्या दिशेने दुमडला होता. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. दमट हवेत हे तंतू जाडीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून तंतू वहीच्या कण्याला, म्हणजे शिवलेल्या पाठीला, समांतर हवेत. मग फुगलेलं पान मोकळ्या कडेकडे सरकतं. ते आडवे असले तर पान कण्याच्या लांबीत वाढू बघतं, तिथे शिलाईने धरलेलं असतं, आणि लाट उठते. ओळखायची रीत सोपी आहे: ताव घडी न पाडता हलकेच वाकवा, तळहाताने दाबून बघा, मग दुसऱ्या बाजूने तसंच करा. ज्या बाजूने तो निमूट वाकतो, त्याच बाजूने घडी घाला.

साधारण 100 जीएसएमचा (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) कागद असेल तर चार ताव एकात एक घालून एक जुज करा, म्हणजे 16 पृष्ठं. सहा जुजांची वही 96 पृष्ठांची होते, सुरुवातीला तेवढी पुरे. घड्या हाडाच्या पट्टीने दाबा आणि सगळा गठ्ठा रात्रभर वजनाखाली ठेवा. कण्याची रुंदी त्यानंतरच मोजायची, आधी मोजलीत तर कव्हर ढिलं होतं.

आता भोकं. जुज अर्धवट उघडून आरीचं टोक घडीच्या अगदी तळात टेकवा आणि तिरकं, बाहेरच्या कोपऱ्याच्या रोखाने दाबा. एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे गेलं तरी कण्यावर वाकडं दिसतं. दोरा लिननचा घ्या आणि मधमाश्यांच्या मेणावरून दोनदा ओढा. मेणाने तो गुंतत नाही आणि टाका सैल पडत नाही. टाका आवळताना मात्र दोरा घडीच्या रेषेतच, ज्या दिशेने शिवत चाललात तिकडे ओढा. आपल्याकडे, घडीला काटकोनात ओढलात तर कागद भोकापासून फाटत जातो. एकदा बोटांना ही ओढ कळली, की हात आपोआप तसाच जातो.

पहिल्या वहीला लांब टाके घाला. त्यात दोरा थेट चामड्याच्या कण्यातून जातो, गोंद लागतच नाही. पुठ्ठ्यावर चामडं चढवायचं तर कडा रापीने (चामडं तासायच्या सुरीने) एक मिलिमीटरच्याही खाली तासाव्या लागतात. तो हात बसायला वेळ लागतो, ते पुढे करा.

चामडं पारखताना कापलेली कड बघा. आतला गाभा निळसर-करडा असेल तर बहुधा ते क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं आहे. वर पाण्याचा थेंब टाका: सालीने कमावलेलं, वरून रंग-लेप नसलेलं चामडं तो शोषून गडद होतं. अशा चामड्याची कड ओली करून कापडाने घासली की गुळगुळीत होते, आणि हाताळून हाताळून त्याला सुरेख रंग चढतो. क्रोमचं चामडं मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, पण कड अशी बसत नाही.

कव्हर पानांपेक्षा तिन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठं ठेवा. पुढे झडप आणि बांधायला वादी हवी असेल तर खुशाल ठेवा. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ 1945 साली चौथ्या शतकातली पपायरसची हस्तलिखितं सापडली, त्यांच्या चामडी वेष्टनांनाही अशा झडपा आणि वाद्या आहेत. फक्त चामडं सगळ्यात शेवटी कापा, शिलाईसाठी जुज तयार झाल्यावर.