पोती ओतणाऱ्यांच्या हवेतले नॅनोकण आणि माझी भाजावळ

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रंगाचा कारखाना, नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडची पोती हॉपरमध्ये (मोठ्या नरसाळ्यात) ओतणारी चार-पाच माणसं, प्रयोगशाळेचा रिपोर्ट ‘मर्यादेत’ आणि तरी शिफ्ट सुटताना खोकला. आता साहेब म्हणतात, कण मोजायचं यंत्र भाड्याने आणा आणि एकदाचं काय ते बघून टाका. मी एकेकाळी खेड-चिपळूणच्या पट्ट्यात सेफ्टीला होतो, आणि माझी गोष्ट अशीच सुरू झाली होती.

कामगाराला हवा ओढणारा पंप लावणं, आधी-नंतर कॅलिब्रेट करणं, सोबत कोरे फिल्टर पाठवणं हे तुम्हाला येत असणार. ते सोडतो.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. यंत्र दोन दिवसांसाठी मिळालं. गाडीतून उतरवलं आणि मी ते थेट चार्जिंगच्या, म्हणजे पोती ओतायच्या, प्लॅटफॉर्मवर नेऊन चालू केलं. आकडा लाखाच्या घरात, म्हणजे एका घन सेंटीमीटर हवेत एवढे कण! माझे हातपाय गार पडले. प्लांट हेडना फोन, मुख्य कार्यालयाला मेल, सेक्शन बंद. एक बॅच अर्धी राहून वाया गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद सेक्शनमध्ये यंत्र लावलं, तर आकडा जवळपास तोच. मी यंत्रवाल्याला फोन करून भांडत होतो, तेवढ्यात चार्जिंगवरचे एक काका म्हणाले, “सायेब, मागे भाजावळ पेटलीय. वास नाय येत?”

कंपाउंडच्या मागच्या उतारावर दोन दिवस राब जळत होता, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचा. कवळं (तोडलेल्या फांद्या), पालापाचोळा, सगळा धूर आमच्या एक्झॉस्टच्या उलट्या वाऱ्याने आत. शिवाय गोदामाच्या दारात डिझेलची फोर्कलिफ्ट तासन्‌तास चालू ठेवलेली. मी कारखान्यातली पावडर मोजलीच नव्हती.

हे यंत्र अल्कोहोलच्या वाफेने कण फुगवून मोजतं. कण कुठला, कशाचा, हे त्याला कळत नाही. धूर, वेल्डिंग, फोर्कलिफ्ट, कॅन्टीनची चूल, सगळं एकाच खात्यात. म्हणून पहिला आकडा बाहेरचा, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून. दुसरा सेक्शनमध्ये, काम सुरू होण्याआधी. मग काम चालू असताना, आणि संपल्यावर पुन्हा. एक माणूस वही घेऊन शेजारी बसवा. मिनिटामिनिटाची नोंद हवी: पोतं फाडलं, ओतलं, झाडू मारला, फोर्कलिफ्ट आली. वहीशिवाय तो आलेख नुसता डोंगररांगा दाखवतो.

मेल मागे घ्यावा लागला. त्याचं मला इतकं काही वाटलं नाही. खरी किंमत पुढे मोजली. दीड वर्ष मी हॉपरवर धूळ ओढून घेणारं सक्शन हूड मागितलं की मीटिंगमध्ये कोणीतरी हसून विचारायचं, “यंदा भाजावळ कधी?” आणि त्या दीड वर्षात ते काका रोज पोती ओतत होते.

दुसरी गंमत ऐका. भाजावळ विझल्यावर मी हट्टाने यंत्र परत आणलं आणि नीट मोजलं. पोतं ओतताना आकडा जेमतेम हलला. मी निश्चिंत झालो. तेही चूकच. या पावडरचे कण सुटे उडत नाहीत, गठ्ठे करून उडतात. गठ्ठा मोजताना यंत्राला तो एकच कण. श्वासात मात्र अख्खा गठ्ठा जातो. म्हणजे धुराने यंत्र ओरडलं आणि पावडरीने गप्प बसलं.

मग काय करायचं? माझ्या मते (सर्वांना पटेलच असं नाही) भाड्याचे पैसे आधी फिल्टरवर घाला. कामगाराच्या कॉलरला, नाकापासून 30 सेंटीमीटरच्या आत, सायक्लोन (जाड धूळ वेगळी काढणारं छोटं उपकरण) लावून श्वसनीय, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणारी, धूळ घ्या आणि त्यातलं टायटॅनियम किती ते मागा. एक फिल्टर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायलाही पाठवा. तेव्हा गठ्ठे डोळ्यांनी दिसतात. आमच्या पहिल्या प्रयोगशाळेने एकूण धूळ वजन करून ती साध्या धुळीच्या मर्यादेशी ताडली आणि ‘मर्यादेत’ लिहून दिलं. फोन केला की “सर, फॉरमॅट असाच आहे.” तीन महिने हेच उत्तर. तुमचा रिपोर्टही उघडून बघा, कुठल्या मर्यादेशी ताडलाय.

वजनावर जाऊ नका असं म्हणत नाही. पण 10 मायक्रॉनचा एक कण आणि त्याच पदार्थाचे 100 नॅनोमीटरचे दहा लाख कण सारख्याच वजनाचे. म्हणूनच अमेरिकेच्या नायॉशने (कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था) 2011 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी दोन आकडे सुचवले: बारीक पावडरला घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम, अतिबारीकला 0.3. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत (हवेतल्या घातक पदार्थांच्या मर्यादांच्या यादीत) नॅनोसाठी वेगळा रकाना नव्हता, त्यामुळे हा 0.3 तुम्हालाच व्यवस्थापनाला पटवावा लागेल. आमचा दुसऱ्या प्रयोगशाळेतला आकडा त्याच्या वर निघाला, आणि हूड बसलं.

एक हिशोब सांगून ठेवतो. मिनिटाला अडीच लिटरने 20 मिनिटं पंप चालवला तर हवा येते 50 लिटर. 0.3 च्या पातळीला त्यात पावडर जेमतेम 15 मायक्रोग्रॅम. तराजूवर ती दिसणार नाही, आणि प्रयोगशाळा ‘आढळले नाही’ लिहून मोकळी होईल. पूर्ण शिफ्ट घ्या, नाहीतर टायटॅनियमचं विश्लेषणच मागा.

पावसाळ्यात मोजणार असाल तर वजनासाठी पीव्हीसीचा फिल्टर. सेल्युलोजचा फिल्टर आपल्याकडच्या जुलैच्या हवेत पाणी पितो आणि वजन वाढवतो. यंत्रातलं अल्कोहोलही दमट हवेत पाणी ओढतं, ते बदलत राहा. पण पावसाळा टाळूही नका. खिडक्या बंद असतात, आतली हवा तेव्हाच सगळ्यात वाईट.

(मी डॉक्टर नाही. खोकल्याचं काय ते छातीच्या डॉक्टरांना विचारा, मोजणी होईपर्यंत थांबू नका. आणि माझा अनुभव फक्त या पावडरीचा. कार्बन नॅनोट्यूब असतील तर तिथे नायॉशचा आकडा घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, तो वेगळाच प्रकार.)

जाता जाता: शिफ्ट संपली की दाबाच्या हवेच्या नळीने (एअर लाइनने) कपडे झटकतात ना तुमच्याकडे? ते आजच बंद करा, त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मास्क चांगला असला तर नॅनोकणही अडवतो, पण दाढीच्या कडेने आत येणारी हवा कुठलाच फिल्टर अडवत नाही. आमच्याकडे हे सांगायला मी गेलो तर कोणी ऐकेना. काकांनी स्वतः दाढी काढली, मग बाकीच्यांनी काढली.

फिल्टरचा रिपोर्ट आला की इथेच टाका, कंपनीचं नाव खोडून. पंपाचा वेग आणि किती मिनिटं चालवला ते मात्र खोडू नका.