वाचक विचारतात : रात्री आभाळातून जाणारे पक्षी

शरद ऋतूतल्या स्थलांतरात छोटे गायक पक्षी बहुतेक रात्रीच उडतात आणि त्यातले पुष्कळसे जाता जाता बारीक कॉल, म्हणजे छोट्या हाका, देतात. हे कॉल रेकॉर्ड करण्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मोबाइल रात्रभर खिडकीत ठेवला. सकाळी ऐकलं तर नुसती घरघर. काय चुकलं?

जागाही चुकली आणि यंत्रही. वार्बलरसारख्या छोट्या गायक पक्ष्याचा कॉल साधारण 6 ते 9 किलोहर्ट्झचा असतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो. असा उंच पट्टीतला आवाज हवाच गिळून टाकते. तापमान 10 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर 8 किलोहर्ट्झचा आवाज दर 100 मीटरला जवळपास 12 डेसिबल गमावतो, तर 2 किलोहर्ट्झचा जेमतेम एक. अंतरामुळे आवाज पसरून क्षीण होतो, ते आणखी वेगळं. म्हणूनच थ्रशचे (कस्तूर कुळातल्या पक्ष्यांचे) खालच्या पट्टीतले कॉल लांबून येतात आणि वार्बलरचे जवळून गेले तरच मिळतात. एवढं करून जे खाली पोहोचतं, त्याला मोबाइलची आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा गोंगाट समजून पुसून टाकते. शिवाय खिडकीत भिंत अर्धं आभाळ अडवते. माईक उघड्या गच्चीवर, तोंड थेट वर, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि सळसळणाऱ्या झाडांपासून लांब हवा.

कुंडीतला माईक घरी करता येतो म्हणतात. मी केला, पण उंच पट्टीतले कॉल जवळजवळ येतच नाहीत.

ही रचना अमेरिकेतल्या बिल इव्हान्स यांनी रुळवली. प्लॅस्टिकची कुंडी किंवा बादली, आतून फोमचं अस्तर, तळाशी प्लॅस्टिकची ताटली, तिच्या मधोमध माईकची कॅप्सूल (आवाज टिपणारा छोटा भाग) आणि कुंडीच्या तोंडावर ताणून बसवलेली स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म. अस्तर आजूबाजूचा आवाज अडवतं, फिल्म पाऊस अडवते.

तुमची कॅप्सूल बहुधा ताटलीपासून वर उचलली गेली आहे. ताटलीला अगदी लागून असेल, तर थेट येणारी आणि ताटलीवरून उलटणारी लहर एकत्र येऊन आवाज वाढतो, जास्तीत जास्त 6 डेसिबलपर्यंत. पण 8 किलोहर्ट्झची तरंगलांबी फक्त 43 मिलिमीटर आहे. कॅप्सूल सेंटीमीटरभर वर गेली, की उलटून आलेली लहर नेमकी विरुद्ध पडते आणि तुम्हाला हवा तोच आवाज मारला जातो. गोंदाचा जाड थेंबसुद्धा नडतो. ताटलीला भोक पाडा, कॅप्सूल खालून बसवा आणि तिचं तोंड ताटलीच्या पातळीला आणा.

कॅप्सूल कमी खरखरीची घ्या. प्रिमोची ईएम272 यासाठी बरीच वापरली जाते. कुंडी किंचित तिरकी ठेवा, म्हणजे फिल्मवर पाणी साचत नाही. फिल्म सैल झाली, की वाऱ्यात फडफडते आणि रेकॉर्डिंगभर धपधप येते. अशी फिल्म ताणत बसू नका, बदला.

रेकॉर्डिंगची सेटिंग कोणती?

मोनो, 16 बिट, वेव्ह फाईल, 24 किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाची 24,000 मोजमापं (सॅम्पल). त्यात 12 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं आणि तासाला सुमारे 173 एमबी, म्हणजे दहा तासांच्या रात्रीला पावणेदोन जीबी लागतात. आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद. एमपी3 नको, त्यात इतक्या छोट्या कॉलच्या कडा फिसकटतात. फाईल तासातासाने तोडा. मध्येच बॅटरी गेली तर एकच तास हातचा जातो.

स्पेक्ट्रोग्राममध्ये कॉल ओळखायचा कसा? मला सगळे ठिपकेच दिसतात.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचं चित्र : आडवी वेळ, उभी पट्टी. आधी विंडो तपासा, म्हणजे हे चित्र काढताना एका वेळी घेतला जाणारा आवाजाचा तुकडा. 24 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलची विंडो म्हणजे सुमारे 11 मिलिसेकंद. ती 2048 केलीत तर 85 मिलिसेकंदांत अख्खा कॉल एकाच फटकाऱ्यात सारवला जातो आणि ठिपका दिसतो. बरोबर विंडोत त्याच ठिपक्याला आकार येतो : तिरकी रेघ, कमान, किंवा करवतीच्या दातांसारखी कंप पावणारी रेघ. एका पडद्यावर 10 ते 15 सेकंदच ठेवा.

मग नको ते बाजूला काढा. पावसाचा थेंब वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटवतो. रातकिडे एकाच उंचीवर आडवा पट्टा धरतात आणि रात्र थंडावली की त्यांची लय मंदावते. बेडूक जास्त फसवतात. उत्तर अमेरिकेत स्वेन्सन्स थ्रशचा रात्रीचा कॉल आणि स्प्रिंग पीपर या बेडकाची शिट्टी कानाला चटकन वेगळी वाटत नाही. मात्र बेडूक एका जागी बसून पुन्हा पुन्हा ओरडतो, तर पक्षी पुढे सरकतो, म्हणून त्याचे कॉल दर वेळी कमी-जास्त जोराचे येतात. कॉल एकच असेल आणि खात्री नसेल, तर ‘थ्रश, जात अनिश्चित’ लिहा. वार्बलरांच्या बाबतीत हे वारंवार लिहावं लागेल. त्यात कमीपणा नाही, उलट सगळ्या ठिपक्यांना नावं दिलेली यादी आम्हाला संशयास्पद वाटते.

सॉफ्टवेअर हे काम करत नाही का?

गाळण्यापुरतं करतं. नाइटहॉक हे खास रात्रीच्या कॉलसाठी केलेलं आहे. बर्डनेट 3 सेकंदांचे तुकडे तपासतं, त्यात 50 मिलिसेकंदांचा कॉल सहज हरवतो. कोणतंही वापरा, पण सुरुवातीला एक तास स्वतः डोळ्यांनी पाहा आणि सॉफ्टवेअरने किती सोडले ते मोजा. काय खोटं पकडलं ते दिसतं, काय सुटलं ते दिसत नाही.

एका रात्री 400 कॉल, दुसऱ्या रात्री 30. पक्षी खरंच इतके कमी झाले?

तसं म्हणता येणार नाही. तुम्ही कॉल मोजलेत, पक्षी नाही. ढग खाली आले आणि जमिनीवर प्रखर दिवे असले, की पक्षी खाली येऊन घुटमळतात आणि जास्त ओरडतात. न्यूयॉर्कमधल्या ‘ट्रिब्यूट इन लाइट’ या 9/11च्या स्मरणार्थ आभाळात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं : झोत चालू असताना पक्षी गोळा होऊन घिरट्या घालत, कॉल वाढत, आणि झोत बंद केले की पांगत. उलट निरभ्र रात्री, पाठीवर वारा असताना, मोठे थवे माईकच्या टप्प्यापेक्षा वरून निघून जाऊ शकतात. व्हिरिओसारखे काही पक्षी तर रात्री जवळजवळ मुकेच असतात.

म्हणून नोंदीत कॉलची संख्या, वारा, ढग आणि माईक चालू असलेले तास, चारही लिहा. एकही कॉल न मिळालेली रात्रसुद्धा शून्य म्हणून नोंदवा, कोरी सोडू नका. हंगामाच्या मध्ये माईक किंवा गेन (रेकॉर्डरवरची आवाज वाढवण्याची पातळी) बदलू नका. रेकॉर्डरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर, लावा. जिथे शरदात घड्याळं तासभर मागे घेतात, तिथे नाहीतर एक तास नोंदीत दोनदा येतो.