मिसळीवरचं चक्रवाढ व्याज

प्रश्न : माझं वय ६८, पत्नीचं ६४. दादर पश्चिमेला स्वतःचं घर, कर्ज नाही. खासगी कंपनीच्या स्टोअर्स खात्यातून निवृत्त झालो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख (८.२ टक्के), पोस्टाच्या मासिक योजनेत दोघांच्या नावे १५ लाख (७.४ टक्के), बँकेत २२ लाखांच्या मुदत ठेवी (६.९ टक्के), म्युच्युअल फंडात १४ लाख. पीएफची पेन्शन ३,१०० रुपये. महिन्याला हातात येतात ३२,८५० आणि खर्च होतो ३१,२००. त्यात बाहेर खाण्यावर ६,४०० जातात! मे ते डिसेंबरची सगळी बिलं मी वहीत चिकटवली आहेत. हे खाणं बंद करून तेवढ्याच रकमेची एसआयपी (फंडातली दरमहा ठरावीक गुंतवणूक) नातवाच्या शिक्षणासाठी १५ वर्षं करावी, असा विचार आहे. हल्ली मिसळ समोर आली की मला तिच्यावरचं १५ वर्षांचं चक्रवाढ व्याज दिसतं. सौ. म्हणते, काहीही करा, पण रविवारी सकाळी मी ओट्यापाशी उभी राहणार नाही. काय करावं?

उत्तर : काका, आधी माझा पक्षपात कबूल करते. मी माटुंग्याच्या रुईया कॉलेजात शिकले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे असायचे, तेव्हा आम्ही मैत्रिणी माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवायला जायचो. त्यामुळे तुमच्या वहीतली बिलं बघताना मी अगदीच तटस्थ नव्हते. म्हणून बेरजा दोनदा केल्या.

वही पाठवलीत हे फार बरं झालं. खर्चाचा प्रश्न विचारणारे बहुतेक जण ‘साधारण इतके होतात’ असं लिहितात, आणि ते साधारण कधीच बरोबर नसतं. तुमचा ६,४०० चा आकडा बरोबर आहे. आठ महिन्यांचे ५१,२०० भागिले आठ. पण ही सरासरी तुम्हाला फसवते आहे. मे महिन्याची बेरीज १४,८०० आहे आणि डिसेंबरची ११,६००. दोन्ही वेळा मुलगा, सून आणि नातू सुट्टीला आले होते. हे दोन महिने बाजूला काढले तर उरलेल्या सहा महिन्यांचे होतात २४,८००, म्हणजे महिन्याला ४,१३३. ऑगस्टची बेरीज तर २,६०० च. श्रावणात मासे बंद, त्यामुळे बुधवारच्या सुरमईचं बिल नाही, आणि साबुदाणा वड्याची बिलं मात्र दोन जास्त. उपास तुम्ही मनापासून करता असं दिसतं!

या ४,१३३ मध्ये आहे काय? चार रविवारचा नाश्ता, दोघांचे सरासरी ४२०. कधी गोखले रोडवर ‘प्रकाश’मध्ये, कधी सेनाभवनासमोर ‘आस्वाद’मध्ये. महिन्यातून दोनदा मालवणी थाळी, प्रत्येक वेळी साडेआठशेच्या आसपास. आणि एकदा माटुंगा. बस्स. सहाही महिन्यांत या यादीबाहेरचं एकही बिल मला सापडलं नाही. ही चैन करणाऱ्या माणसाची वही नाही. इतक्या शिस्तीने तर लोक विम्याचे हप्तेही भरत नाहीत.

उलट मे आणि डिसेंबरची बिलं बघा. घरी मागवलेले पिझ्झे, मॉलमधलं रात्रीचं जेवण, आइस्क्रीम. मॉलमधल्या एका बिलात पदार्थांचे ४,२०० आहेत, त्यावर १० टक्के सेवाशुल्क ४२०, आणि मग दोन्हींवर मिळून ५ टक्के जीएसटी २३१. एकूण ४,८५१. म्हणजे ६५१ रुपये तुम्ही काहीच न खाता दिलेत. जीएसटीला इलाज नाही, तो दादरलाही ५ टक्केच पडतो. वातानुकूलित आणि साधं हा फरक नोव्हेंबर २०१७ पासून गेला. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने ते बिलात आपोआप लावायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. ‘हे काढून द्या’ म्हणायला लाजू नका. नातवासमोर बरं दिसत नाही असं वाटत असेल, तर मुलाला म्हणायला सांगा. नाहीतरी ते बिल त्यानेच द्यायला हवं होतं, पण तो तुमचा घरचा मामला.

थोडक्यात, तुम्ही बंद करायला निघाला आहात ती सवय महिना ४,१३३ ची आहे, आणि ६,४०० पर्यंत आकडा नेणारी मंडळी वेगळी आहेत. ज्याच्यासाठी मिसळ सोडणार, त्याच्याच पिझ्झ्याने ती सरासरी वाढवली आहे.

आता उत्पन्नाकडे येते, कारण खरी चूक तिथे आहे. ३२,८५० ची बेरीज मी तपासली. बचत योजनेचे महिन्याकाठी २०,५००, मासिक योजनेचे ९,२५०, पेन्शन ३,१००. जुळलं. मग २२ लाखांच्या ठेवींचं व्याज कुठे गेलं? तुम्ही ते पुन्हा ठेवीतच जिरवता, खात्यावर येत नाही, म्हणून मोजत नाही. ६.९ टक्क्यांनी ते वर्षाला १,५१,८०० होतं, महिन्याला १२,६५०. म्हणजे तुमचं उत्पन्न ४५,५०० आहे आणि मागे राहतात १,६५० नव्हे, १४,३००. फंडातल्या १४ लाखांना तर मी अजून हातही लावलेला नाही. आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलेल्या माणसाने मागच्या खोलीतला माल साठ्यात धरू नये, याची मला गंमत वाटली.

एसआयपीचा मोह मला समजतो. महिना ६,४००, १५ वर्षं, १० टक्के परतावा धरला तर साडेसव्वीस लाख होतात. आकडा भारदस्त आहे. पण महागाई ६ टक्के धरली तर त्या साडेसव्वीस लाखांची किंमत आजच्या हिशोबात ११ लाख भरते. आणि १० टक्के हा मी धरलेला आकडा, कोणी लिहून दिलेला नाही. तेव्हा तुम्ही ८३ वर्षांचे असाल. नातवाचं शिक्षण ही त्याच्या बापाची जबाबदारी आहे, काका, आणि तो कमावता आहे. आजोबांनी हातभार लावावा, जरूर लावावा. पण आपल्या पानातला घास काढून नव्हे.

आणि तो घास एकट्या तुमचा नाही. तुम्हाला नोकरीत आठवड्याची सुट्टी होती, पगारी. काकूंना ती कोणत्या वर्षी मिळाली? रविवारचे ४२० रुपये तुम्ही ‘बाहेर खाणं’ या खात्यात टाकले आहेत. मला विचाराल तर ते वेगळ्या खात्यात जायला हवेत. त्या ४२० मध्ये एक सकाळ येते. दळण नाही, वाटण नाही, भांडी नाहीत. ‘प्रकाश’मध्ये समोरच्या अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यायचं, गरम वडा दह्यात बुडवायचा, शेजारच्या टेबलावर काय आलंय ते चोरून बघायचं. घरी साबुदाणा वडा याहून स्वस्तात होतो हे खरं. पण तो करणारी बाई तो शेवटी, गार झाल्यावर खाते. ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका खाद्यपुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं. लोक तिच्यासाठी दूरदूरून दादरला येतात. तुम्ही चालत जाता आणि तिच्यात चक्रवाढ व्याज शोधता.

माटुंग्याचं तर अजून वेगळं. रामा नायकांचं उडुपी १९४२ पासून आहे आणि ते पहिल्या मजल्यावर आहे. मुद्दाम सांगते, कारण तुम्ही पत्राच्या शेवटी ‘सौ.चे गुडघे हल्ली कुरकुरतात’ असं एक वाक्य लिहिलंय. ते तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने तो तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आर्थिक तपशील आहे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण म्हणतो. तुमच्याकडे या घडीला दोन्ही आहेत. पाच-सात वर्षांनी चणे बहुधा असतीलच. जिन्याची खात्री मी देऊ शकत नाही.

पण हे सगळं वाचून लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. शिल्लक १४,३०० आहे म्हणजे ती उडवायला मोकळी आहे असं नाही. तुमचं व्याज ठरलेलं आहे. ते वाढत नाही, आणि खर्च वाढतो. महागाई ६ टक्के राहिली तर आजचे ३१,२०० बारा वर्षांनी ६२,००० च्या पुढे जातील. तेव्हा तुम्ही ८० चे आणि काकू ७६ च्या. तेव्हाचा किराणा आणि मदतनीस बाई फंडातल्या १४ लाखांतून आणि आत्ता दरमहा मागे पडणाऱ्या पैशांतून यायची आहे. म्हणून ते फंड मोडायचे नाहीत आणि नातवाच्या नावेही करायचे नाहीत. वारस म्हणून त्याचं किंवा मुलाचं नाव लावा हवं तर. बाहेरच्या खाण्याची अजून एक सोय अशी की हा खर्च वाटेल तेव्हा कमी करता येतो. एखाद्या वर्षी हात आखडला तर थाळी दोनाची एक होईल. विजेचं बिल असं कमी करता येत नाही.

मला खरी काळजी आहे ती आरोग्यविम्याची. तुम्ही दोघं मुलाच्या कंपनीच्या ५ लाखांच्या गट विम्यात आहात आणि स्वतःची पॉलिसी नाही. मुलाने नोकरी बदलली, किंवा कंपनीने आईवडिलांना विम्यातून वगळलं, की तुम्ही उघड्यावर. एका हृदयविकाराच्या बिलापुढे तुमच्या सगळ्या मिसळींची आयुष्यभराची बेरीज किरकोळ ठरेल. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला वयाची अट राहिलेली नाही, आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झालाय, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तुमच्या वयात हप्ता भारी असेल. दोघांचा मिळून वर्षाला लाखभर धरला तरी महिन्याला ८,३३३ होतात, आणि ते तुमच्या १४,३०० मध्ये बसतात. मिसळीला धक्का न लावता. ७० पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना हे सरकारी कार्ड काढता येतं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं. ते काढाच. पण ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर ही दोन वर्षं काढू नका. पॉलिसी मिळालीच नाही, तर ठेवींतले ८ लाख आजारपणासाठी म्हणून वेगळे काढा आणि त्यांना कशासाठीही हात लावू नका.

हप्ता गेल्यावर उरतात सहा हजारांच्या आतबाहेर. त्यातून नातवासाठी २,००० ची एसआयपी सुरू करायला माझी हरकत नाही. ती तुमच्याच नावावर ठेवा. बाकीचे चार हजार साठू द्या, महागाईला तेच तोंड देतील.

अजून एक सोपी गोष्ट राहिली. बचत योजनेची ३० लाखांची मर्यादा माणशी आहे. काकू ६४ च्या आहेत, म्हणजे त्यांच्या नावे वेगळं खातं उघडता येतं. ठेवींची मुदत संपेल तसे त्यातले १४ लाख तिकडे वळवा. आजारपणाचे ८ लाख बँकेतच असू देत. मुदतीआधी मोडू नका, दंड बसेल. गेल्या बऱ्याच तिमाही दर ८.२ टक्के आहे, खातं उघडताना त्या तिमाहीचा दर बघून घ्या. एकदा लागला की पाच वर्षं तोच राहतो. ६.९ आणि ८.२ मधल्या फरकाने वर्षाला १८,२०० जास्त येतात, म्हणजे महिन्याला १,५१६. पैसे तुमचे असल्याने व्याज कराच्या हिशोबात तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. पण नव्या करपद्धतीत तुमचं हे सगळं व्याज १२ लाखांच्या कितीतरी आत आहे, तेव्हा कर लागणार नाही. व्याज दर तिमाहीला काकूंच्या खात्यात जमा होईल. महिन्याच्या चार रविवारांचे होतात १,६८०. फार वरचे घालावे लागणार नाहीत, आणि मग बिल काकू देतील. तुम्ही वही घरी ठेवायची.

तुमच्या बचत योजनेच्या खात्यावर वारस म्हणून काकूंचं नाव आहे ना, तेही या महिन्यात पोस्टात जाऊन बघून या. 

विम्याचे दोन-तीन कंपन्यांचे दर आले की मला पाठवा. आणि फॉर्ममध्ये मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ लिहू नका. गोळ्या चालू आहेत हे तुम्हीच पत्रात कळवलंय, आणि लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. खरं काय ते लिहा. ‘प्रकाश’मध्ये महिन्याला किती पियुष पिता, हे त्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत. मला मात्र वहीत दिसलंय.