फोनची डबी अजून आली नाही, पैसे मात्र गेले

वाचकांचे प्रश्न

राउटरला जोडली की घरातला साधा टेलिफोन इंटरनेटवरून चालू करणाऱ्या डब्यांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेक अमेरिकेतल्या वाचकांची आहेत आणि तक्रार एकच आहे: पैसे भरले, तारीख उलटली, वस्तूचा पत्ता नाही. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

एका नव्या कंपनीची डबी आगाऊ बुक केली. ७९ डॉलर क्रेडिट कार्डावरून लगेच गेले. आधी एप्रिल म्हणाले, मग जुलै, आता संकेतस्थळावर नुसतंच ‘लवकरच’. मित्र म्हणतात, बुडाले समज. थांबू की पैसे परत मागू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

डबी येईल की नाही ते नंतर पाहू. आधी पैशांचं बघा. कंपनी आपल्या तारखा हव्या तशा पुढे ढकलते, पण तुमच्या हक्काच्या मुदती त्यांच्यासोबत आपोआप पुढे जात नाहीत.

ऑनलाइन, फोनवर किंवा टपालाने मागवलेल्या मालासाठी अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे. सांगितलेल्या मुदतीत माल रवाना झाला पाहिजे; मुदत सांगितलीच नसेल तर ३० दिवसांत. ते जमणार नसेल तर कंपनीने स्वतःहून कळवायचं, आणि ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे घेण्याचा पर्यायही द्यायचा. मेख पुढे आहे. पहिली दिरंगाई ३० दिवसांपर्यंतची असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर तो होकार धरला जातो. दिरंगाई त्याहून मोठी असेल किंवा दुसऱ्यांदा होत असेल, तर नेमकं उलट: तुम्ही ‘थांबतो’ असं स्पष्ट कळवलं नाही, तर ऑर्डर रद्द धरून पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीची. एप्रिलचा जुलै झाला तेव्हाच तुमची ऑर्डर या दुसऱ्या प्रकारात गेली.

म्हणून जुने ईमेल उघडून एकच गोष्ट शोधा. ‘रांगेतली तुमची जागा राखून ठेवा’ अशा गोड भाषेतलं एखादं बटण तुम्ही दाबलंत का? तोच तुमचा लेखी होकार असतो. दाबलं असेल तरी बिघडलं नाही. माल निघेपर्यंत मन बदलायचा हक्क राहतो.

आता कंपनीला ईमेल पाठवा. त्यात ऑर्डर क्रमांक, पैसे गेल्याची तारीख, रक्कम, पहिली कबूल केलेली तारीख आणि एक वाक्य: ‘ऑर्डर रद्द करत आहे, पूर्ण रक्कम मूळ कार्डावर परत करावी.’ ‘कधी येणार?’ असं विचारू नका, उत्तरादाखल आणखी एक तारीख मिळेल. रद्द केल्यावर कार्डाचे पैसे परत करायला कंपनीला कामकाजाचे ७ दिवस असतात. त्याऐवजी दुकानाचं क्रेडिट किंवा पुढच्या मॉडेलवर सूट देऊ केली तर नको म्हणा.

ईमेलवर विसंबून राहू नका, बँकेकडेही जा. माल न मिळाल्याची तक्रार ही रक्कम दाखवणारं पहिलं स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी करायची, असं कायदा सांगतो. ती बिल भरण्याच्या पत्त्यावर पाठवायची नाही, बिलाबाबतच्या चौकशीसाठी वेगळा पत्ता स्टेटमेंटवर छापलेला असतो. ६० दिवस उलटून गेले असले तरी बँकेला फोन करा, कारण आगाऊ विक्रीत अनेक कार्डांचे स्वतःचे नियम माल मिळण्याच्या कबूल तारखेपासून १२० दिवस मोजतात. डेबिट कार्डाला इतकं संरक्षण नाही. आणि लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे दिले असतील तर बाजू आणखी लंगडी पडते. तिथे तुम्ही ग्राहक नसून प्रकल्पाचे पाठीराखे, असंच ती संकेतस्थळं धरून चालतात.

आता डबीकडे. तिच्यात वाय-फाय, ब्लूटूथ किंवा कॉर्डलेस फोनचा रेडिओ असेल तर अमेरिकेत ग्राहकाच्या हाती पडण्याआधी तिला एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाची, मंजुरी लागते आणि तिचा एफसीसी आयडी सार्वजनिक यादीत शोधता येतो. कंपनीला सरळ विचारा: ‘एफसीसी आयडी काय?’ त्याची सुरुवातीची तीन किंवा पाच अक्षरं म्हणजे अर्जदाराचा संकेत. तो टाकला की अर्जदार कोण, मंजुरी कधीची, चाचणीचे अहवाल कोणते, सगळं दिसतं. आतले फोटो आणि माहितीपुस्तिका काही महिने झाकून ठेवायची मुभा कंपनीला असते, त्यामुळे ते दिसले नाहीत तर लगेच संशय नको. मंजुरीच नसेल तर मात्र ‘पुढच्या आठवड्यात रवाना’ हे खरं असू शकत नाही. अर्जदार म्हणून भलत्याच कारखान्याचं नाव दिसलं तर त्यात वावगं काही नाही; तयार डबी घेऊन त्यावर आपला शिक्का मारणं या धंद्यात नेहमीचं आहे. पण मग ‘आमचे अभियंते रचना सुधारत आहेत’ हे उशिराचं कारण पटण्यासारखं राहत नाही. नुसती केबलने चालणारी, रेडिओ नसलेली डबी असेल तर तिला असा आयडी नसतो, तिथे ही कसोटी लावू नका.

जिओफोन नेक्स्टही उशिराच आला होता. मग उशीर झाला की लगेच फसवणूक असं का म्हणायचं?
— एक वाचक, नाशिक

म्हणायचं नाहीच. उशिराचं कारण कोणत्या जातीचं आहे ते पाहायचं.

जिओफोन नेक्स्ट २०२१ च्या जूनमध्ये जाहीर झाला. १० सप्टेंबरला, गणेश चतुर्थीला येणार होता. मुहूर्ताच्या तोंडावर कंपनीने सांगितलं की जगभर चिपचा तुटवडा आहे, दिवाळीपर्यंत थांबा. चिपचा तुटवडा त्या वर्षी गाड्यांपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना भोवत होता, आणि दिवाळीत, ४ नोव्हेंबरला, फोन ६,४९९ रुपयांना आला. किमतीवर लोक नाराज झाले, तो मुद्दा वेगळा. सुट्या भागांची अडचण आज ना उद्या सुटते.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. इंटरनेटवरून फोन चालवणाऱ्या डब्या विकणाऱ्या मॅजिकजॅक कंपनीने जानेवारी २०१० मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात सुमारे ४० डॉलरची डबी दाखवली. घरातला जीएसएम मोबाइल थेट तिच्याशी जोडायचा आणि कॉल इंटरनेटवरून जायचे. पण मोबाइलच्या ज्या लहरी ती वापरणार होती त्या मोबाइल कंपन्यांनी लिलावात पैसे मोजून घेतलेल्या. घराच्या चार भिंतींच्या आत त्यांचा हक्क चालत नाही, असा मॅजिकजॅकचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी विक्रीला यायची होती, ती कधीच आली नाही. यंत्र तयार असूनही परवान्याचा प्रश्न लटकलेला असेल तर तारखेला काही अर्थ नसतो, कारण निर्णय कंपनीच्या हातातच नसतो.

तिसरी जात हिशेबाची. फ्रीडम २५१ हा २५१ रुपयांचा स्मार्टफोन फेब्रुवारी २०१६ मध्ये बुकिंगला आला, वर ४० रुपये पोचवण्याचे, आणि माल जूनअखेर द्यायचा वायदा. दिल्लीत पत्रकारांना दिलेल्या नमुन्यांवर ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने खोडलेलं होतं. इतक्या किमतीत फोन बनूच शकत नाही, हे इंडियन सेल्युलर असोसिएशनने तेव्हाच सरकारला कळवलं होतं. बहुसंख्य नोंदणीदारांना फोन मिळाला नाही. इथे खरं तर तारखेची वाट पाहायचीही गरज नव्हती, किंमत पाहूनच थांबायचं होतं.

भारतात ऑनलाइन मागवलेला माल कबूल मुदतीनंतर आला तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. अपवाद नैसर्गिक आपत्तीसारख्या अटळ कारणाचा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही.

एकदाच डबी घ्या, मग जन्मभर फुकट बोला, असं सांगतात. यांना परवडतं कसं?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

‘जन्मभर’ म्हणजे कंपनीच्या जन्मभर. सनरॉकेट ही इंटरनेटवरून फोनसेवा देणारी अमेरिकन कंपनी वर्षाचे १९९ डॉलर आगाऊ घेत असे. जुलै २००७ मध्ये ती अचानक बंद पडली आणि दोनेक लाख ग्राहकांचे फोन आणि भरलेलं वर्ष एकदमच गेलं.

विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा: डबी कुलूपबंद आहे का? कुलूपबंद डबी सुरू होताच कंपनीच्या सर्व्हरकडून मांडणी (सेटिंग्ज) उचलते आणि दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. कंपनी गेली की तिचा उपयोग कागदावर ठेवायच्या वजनाइतका. खुल्या डबीत सर्व्हरचा पत्ता, वापरकर्ता आणि पासवर्ड या तीन गोष्टी स्वतः भरता येतात, म्हणून सेवा बदलता येते. शिवाय ‘फुकट’ सेवेतही कर आणि ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबराचं शुल्क दरमहा वेगळं लागू शकतं. तो आकडा तुमच्या पिन कोडनुसार बदलतो. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन तो बघा, मगच मागे फिरायचं की नाही ठरवा.

मुलगा ह्यूस्टनला असतो. अशीच एक डबी त्याने तिकडे बुक केली आहे. आली की इकडे पाठवणार. आमचा जुना लँडलाइनचा फोन तिच्यावर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

बहुधा चालेल, पण ती डबी तुम्हाला लागणारच नाही अशी शक्यता जास्त आहे. घरी फायबरचं इंटरनेट असेल तर भिंतीवरच्या यंत्राच्या मागे पाहा. नेटच्या रुंद खाचांशेजारी टेलिफोनच्या वायरची एखादी अरुंद खाच असते. बीएसएनएल, जिओ, एअरटेल त्यावर परवान्यासह लँडलाइन क्रमांक देतात. मुलाला तिकडून भारतात स्वस्त कॉल देणारी योजना घेऊ द्या आणि त्याने या क्रमांकावर फोन करावा. रिसीव्हर उचलून बोलायचं सुख तेच, आणि कुणाच्या ‘लवकरच’वर अवलंबून राहायला नको.

तरीही तिकडची डबी हवीच असेल तर काही गोष्टी आधी तपासा. चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं हवं. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. जुन्या फोनच्या पोटाखाली टोन-पल्सचा खटका असतो, तो टोनवर ठेवा; तबकडी फिरवायचा फोन बऱ्याच डब्यांना कळत नाही, घंटी वाजते पण नंबर लागत नाही. वीज गेली की राउटर आणि डबी दोन्ही बंद पडतात, तेव्हा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस दोघांना पुरेल असा घ्या. भिंतीतल्या जुन्या टेलिफोन सॉकेटमध्ये डबीची वायर कधीच खुपसू नका. ती लाइन चालू असेल तर तिच्यावर सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि डबीचं फोनचं तोंड कायमचं जातं.

वेगाची काळजी नको. चांगल्या प्रतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस पुरतात. खरा त्रास वेगळाच निघतो: तुमचं बोलणं तिकडे ऐकू जातं, त्यांचं इकडे येत नाही. बहुतेक वेळा दोष राउटरमधल्या ‘एसआयपी एएलजी’ नावाच्या सोयीचा असतो. ती कॉलच्या आत लिहिलेले पत्ते मदतीच्या नावाखाली बदलते आणि आवाजाचे तुकडे भलतीकडे जातात. राउटरच्या मांडणीत ती बंद करा, मग राउटर आणि डबी दोन्ही पुन्हा चालू करा. कंपनीच्या राउटरमागे तुमचा दुसरा राउटर असेल तर डबी पहिल्यालाच लावा.

अमेरिकन क्रमांकावरून ९११ लावलात तर मदत ह्यूस्टनच्या पत्त्यावर जाईल. डबीवर ‘११२ साठी मोबाइल’ अशी चिठ्ठी चिकटवा. आणि या डबीतून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कॉल भारतातल्या नंबरांवर फिरवून द्यायच्या फंदात पडू नका. इंटरनेटवरचा कॉल इथल्या साध्या टेलिफोन जाळ्यात परवान्याशिवाय सोडणं हा गुन्हा आहे.

डबी महिनाअखेर येणार म्हणून जुनी लँडलाइन आधीच बंद करून टाकू का? दुहेरी बिल कशाला?
— एक वाचक, शिकागो

अजिबात नको. लाइन बंद केली की नंबर कंपनीकडे परत जातो आणि मग तो हलवता येत नाही. डबी येऊ द्या, तिच्यावर तात्पुरता नंबर घेऊन आठवडाभर बोला, मग जुना नंबर हलवण्याचा अर्ज करा. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक क्षुल्लक कारणाने: बिलावर ‘अपार्टमेंट ४ बी’ असतं आणि अर्जात नुसतं ‘४ बी’, किंवा खाते क्रमांकाच्या जागी फोन नंबर भरलेला असतो. ताजं बिल समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. जुन्या लाइनवरच इंटरनेटही येत असेल तर नंबर हलताच तेही तुटू शकतं, म्हणून आधी इंटरनेट वेगळं करून घ्या. नंबर हलल्याचा निरोप आला की दुसऱ्याच्या मोबाइलवरून त्यावर फोन लावून पाहा, घंटी डबीवरच वाजली तर मगच जुन्या कंपनीला उरलेलं खातं बंद करायला सांगा.