वाचकांचे प्रश्न : गढूळ पाण्यातही माशांना हालचाल कशी कळते?

प्रश्न : पावसाळ्यात मांडवीचे पाणी इतके गढूळ होते की हातभर खोलीवरचेही दिसत नाही. तरीही मासे अडथळे चुकवतात आणि भक्ष्य पकडतात. आजूबाजूच्या पाण्याची हालचाल त्यांना कशी कळते?
– एक वाचक, रायबंदर

उत्तर : डोळे आणि कान यांच्याखेरीज माशांना आणखी एक इंद्रिय असते आणि त्याची खूण बाजारात सहज पाहायला मिळते. चोणक घेताना त्याची कूस जरूर निरखावी. कल्ल्यांच्या मागून निघालेली एक बारीक रेघ शेपटीच्या परावरही गेलेली दिसेल. हीच पार्श्वरेषा.

रेघेवरच्या खवल्यांखालून एक नलिका जाते आणि ती छिद्रांवाटे बाहेरच्या पाण्याशी जोडलेली असते. नलिकेत केसल पेशींचे पुंजके असून त्यांचे सूक्ष्म केस जेलीसारख्या मऊ टोपीत रुतलेले असतात. जवळून एखादी कोळंबी सरकली, की लगतच्या दोन छिद्रांपाशी पाण्याचा दाब किंचित वेगळा होतो, नलिकेतला द्रव हलतो, टोपी कलते आणि केस वाकताच मज्जातंतूंमार्फत मेंदूला संदेश जातो. काही पेशी एका बाजूच्या प्रवाहाला, तर शेजारच्या पेशी नेमक्या विरुद्ध बाजूच्या प्रवाहाला प्रतिसाद देतात, म्हणून हालचालीची दिशाही समजते. आपल्या आंतरकर्णातही याच प्रकारच्या पेशी आहेत, ही बाब मला फार विलक्षण वाटते. काही पुंजके मात्र त्वचेवर उघडेच असतात. संथ, सलग प्रवाह त्यांना जाणवतो आणि अंधारातही मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहू शकतो.

अडथळा स्वतः हलत नसला, तरी पोहणाऱ्या माशाभोवतीचे पाणी त्याच्याजवळ वेगळे वाहू लागते आणि तो फरक माशाला कळतो. मेक्सिकोतील गुहांमधले आंधळे मासे याच आधारे वावरतात. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर डोळे झाकलेले सेथ जातीचे मासेही आपल्या थव्याबरोबर पोहत राहिले. या इंद्रियाचा पल्ला मात्र तोकडा, साधारणपणे माशाच्या एक-दोन लांबींइतकाच असतो.

तारलीच्या कुशीवर ही रेघ सापडणार नाही, पण म्हणून तिला हे इंद्रियच नाही असे समजू नये. तिच्या नलिका डोक्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात.