ऑनलाइन एका साइटवर नवा कॅमेरा बाजारापेक्षा बराच स्वस्त मिळतोय, घ्यावा का? खात्रीचं दुकान कसं ओळखावं?

बराच म्हणजे किती ते लिहायला हवं होतं. दोन-तीन हजारांचा फरक असेल तर दुकानदाराने मार्जिन सोडलं असेल, सणासुदीला बँकेच्या कार्डावर तेवढं सुटतंही. पण सगळीकडे एक भाव आणि एकाच ठिकाणी पंधरा-वीस हजार कमी, तर माल ग्रे आहे, म्हणजे कंपनीने भारतात आणलेला नाही, दुसऱ्याच कुणी बाहेरून आणलेला. नाहीतर मालच नाही.

हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला होतो. माझे थोरले चुलत भाऊ, अण्णा, आणि मी मिरजेच्या बाजूला लग्नाची कामं घेतो. अण्णांनी मुंबईहून एक फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणली, दहा हजार कमी पडले म्हणून खूश. मेनू पूर्ण जपानी, भाषा बदलायची सोयच नाही, कारण तो जपानच्या बाजारासाठीचा माल. अण्णा चिन्हं बघून काम चालवायचे. बिल म्हणून मिळालेल्या कागदावर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं. त्यावर ना जीएसटी नंबर, ना कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर.

ऐन वैशाखात एका हळदीला शटर अडकलं. लेन्स काढून बघितली तर पाती सेन्सरसमोर तिरकी लोंबत होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने सिरीयल नंबर टाकला आणि सांगितलं, कंपनीने भारतात आणलेला पीस नाही, वॉरंटी नाही, पैसे भरा. आणि घेताना ‘इंटरनॅशनल वॉरंटी आहे साहेब’ म्हणणारा दुकानदार आता म्हणतो, ठेवून जा, पाठवून बघू. सीझन माझ्या जुन्या बॉडीवर काढला.

तरी अण्णांचं पालुपद तेच, ‘पण दहा हजार वाचले ना!’ कुठे वाचले? कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के. १ लाख १८ हजारांच्या पक्क्या बिलात १८ हजार कर असतो. अण्णांचं स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे. पक्कं बिल घेतलं असतं तर ते १८ हजार लग्नाच्या बिलांवरच्या करातून वजा झाले असते. दहा हजारांसाठी अठरा हजारांवर पाणी सोडलं, वर दुरुस्तीचा खर्च वेगळा. हे त्यांच्या सीएनेही सांगून झालं.

तर तुमचं. दुकान मोठं की छोटं हे बघू नका. मुंबईच्या बोरा बाजारात चिंचोळ्या गाळ्यात बसून चोख धंदा करणारे आहेत आणि चकाचक शोरूममध्ये कच्चं बिल देणारेही. ‘बिलासकट आणि बिलाशिवाय’ असे दोन भाव सांगितले की उठायचं. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर असतो, कायद्यानेच लागतो. बॉडीखालचा सिरीयल नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही एक हवेत. उद्या कॅमेरा चोरीला गेला तर पोलीस आणि विमावाले हेच मागतात. दुकानाचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. मोठ्या साइटवर घेतलात तरी साइटचं नाव नको, विक्रेत्याचं वाचा, आणि खोकं फोडताना अखंड व्हिडिओ काढा.

एक मात्र कबूल करायला हवं. ग्रे माल म्हणजे नकली नव्हे, त्याच कंपनीचा असतो, पुष्कळांचा वर्षानुवर्षं चालतो. आणि तुम्ही हौशी असाल, जीएसटी भरत नसाल, तर माझा अठरा हजारांचा हिशोब तुम्हाला लागू नाही. अण्णांना होता. सेकंडहँडचं गणित तर वेगळंच, तिथे लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघावी लागते.

तुमच्या त्या साइटवर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ते देणं बंधनकारक आहे. नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल आणि आगाऊ पैसे मागत असतील, तर साइट बंद करा. आधीच पैसे भरले असतील तर आजच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.